गाळलेली जागा

सातवी पातळी. गोठलेल्या तळ्याखालून
नायक चालत राहतो, आणि संगीतात
दर सोळा ठोक्यांनी एक सूर नसतो.

शिगेकी म्हणायचा, ती बुडालेली बहीण आहे.
मी उलटं वाजवून पाहिलं, संथ करून पाहिलं;
एकदा कुणीतरी 'दार' म्हणाल्यासारखं वाटलं
आणि तीन रात्री दिवा लावून झोपलो.

मग कळलं, बाई हयात आहेत. कुशिरोत.
धुक्यात पत्ता विचारत गेलो.
नुमाता बाईंनी आमची वही पाहिली,
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
"बहीण? मला चार भाऊ. चौघेही धडधाकट."

मग चिपवर जागा पुरली नाही का?
"जागा होती की."
सूप ढवळत राहिल्या.
"हिटरचा पाइप होता कचेरीत. रात्रभर वाजायचा.
टण्. थांबून, टण्.
त्याला कोण सांगणार, गप्प बस म्हणून?
त्याच्याच तालावर बसवलं सगळं.
तो सूर त्याचा होता.
मला वाटलं, सगळ्यांना ऐकू येतोय."

इमारत केव्हाच पाडली म्हणे.

शिगेकी रुसला. ओबिहिरो येईपर्यंत बोलला नाही,
आणि बोलला ते एवढंच:
खोटं सांगतात बाई. बहीण होतीच.

मी वाद घातला नाही.
निघण्याआधी, तो बूट घालत असताना,
मी सातवी पातळी लावली होती, हळू आवाजात.
बाईंची पाठ होती आमच्याकडे, लक्ष नव्हतं,
आणि नेमकी त्या जागी
पळी भांड्याच्या काठावर वाजली.