गट्टी

डावा खालचा आर्म वाकला शनिवारी.
हुबळीचा कोणी पोरगा, वारुळावर चढवली गाडी
आणि उतरला हसत, फोन चाचपत.
चाक खालून आत ओढलेलं,
पाय मुरगळलेल्या वासरासारखं.

जांबोटीच्या वरच्या अंगाला आमच्या दोन एटीव्ही.
अर्ध्या तासाला पाचशे, हेल्मेट आमचं.
जांभ्याची वाट, ओहोळ, काजूचं रान,
आणि दोन फणसांमधली एक फट,
जिथून गाडी जाते
दोन्हीकडं चार-चार बोटं सोडून.

परशराम रात्रभर मोबाइलवर.
"मामा, हे बघ की, लाल रंगाचे, दोन इंच लांब.
गाडी रुंद बसतंय, पलटी होत नाही बघ."
मला फणस आठवले.
शिवाय आर्म लांबला की एक्सल लांब पाहिजे,
टाय रॉड लांब, ब्रेकची नळी लांब.
लग्नात एका पाहुण्याला टॉवेल-टोपी केली
की सगळ्या भावकीला करावी लागते, तसं.

दुसऱ्या फोटोत हाइम जॉइंट,
उघडा पोलादी गोळा, चकचकीत.
रेसवाले लावतात म्हणे,
आटे फिरवून हवा तेवढा कॅम्बर घ्यावा.
पण उघडा.
ऑगस्टात आमचा चिखल कुठंकुठं शिरतो
ते परशरामच्या कानांना विचारा.

कंपनीचा पार्ट: चौदा हजार, एक महिना.

म्हणून सोमवारी आर्म पोत्यात घातला
आणि बसनं उद्यमबाग.
कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं. दिलं.

अडिवेप्पाची शेड फौंड्रीच्या मागं,
दारात काळी वाळू सांडलेली.
पाटीवर एक लिपी, खाली पुसट दुसरी.
कुठली आधीची ते तो सांगत नाही,
मी विचारत नाही.

त्यानं आर्म डोळ्यासमोर धरला, बंदुकीसारखा.
बॉल जॉइंट अंगठ्यानं ढकलला.
टक्.
रबराचं बूट फाटलेलं, वाटी झिजलेली,
ग्रीसच्या जागी आमचीच लाल माती.
माझा हात आपसूक खुब्यावर गेला.
त्यानं पाहिलं.
"तिथं ग्रीस निपल बसत नाही ओ."

मी म्हटलं, "पाइप जाड घाल. डबल.
पुन्हा वाकायला नको."
"ब्याडा," तो म्हणाला.
मग माझ्या भाषेत, त्याच्या वळणानं:
"ह्यो वाकला म्हणून चेसी राहिली की.
ह्यो नसता वाकला तर चेसीचा कान फाटला असता.
कोण तरी वाकाय पायजे.
स्वस्तातलं वाकाय पायजे."

मी स्टुलावर बसून राहिलो.
घरातले, भावकीतले, पंचायतीतले
जाड पाइप एकेक आठवत.

ठरलं ते असं:
सीमलेस पाइप, होता तेवढ्याच जाडीचा.
नायलॉनचे बुश, आत चर पाडून,
चरावर निपल.
जॉइंट मारुती व्हॅनचा, बुटासकट;
नकलचा टेपर तो जुळवून देणार.
"उद्या तुटला तरी खानापुरात मिळतंय,
पुण्याला फोन कशाला?"

"गट्टी होईल ना?" मी विचारलं.
त्याच्या भाषेत गट्टी म्हणजे टणक, पक्कं.
माझ्या भाषेत
कट्टी मोडून करंगळ्या अडकवलेली पोरं.
"गट्टी," तो म्हणाला, कुठल्या भाषेत कोण जाणे,
आणि लेथ सुरू केला.

गुरुवारी बसवला.
परशराम गप्प, नटावर नट आवळत.
बुटात ग्रीस भरताना मात्र विचारलं,
"मामा, काळाच ठेवायचा?"
देवळाच्या रथाचा उरलेला डबा होता, लाल.
दोन हात मारले त्यानं, तिसरा कडेला ओघळला.

फणसांमधून गाडी गेली. चार बोटं तिकडं, चार इकडं.
ओहोळातून वर आली तेव्हा
रंग कुठला, माती कुठली,
वाकून बघितलं तरी कळेना.