मापाची वही

आबांच्या वहीत माणसं मोडीत असायची.
नाव, बापाचं नाव, छाती, कंबर, बाही,
कोपऱ्यात बयाणा, हाली शिक्क्यात.
कापड खाकी असलं तर पुढे एक ख.

त्या उन्हाळ्यात पानंच्या पानं ख.
जमादार ठाण टाकून गेला होता :
अठ्ठावन्न नग, ईदच्या आत.
शिलाई?
हुकूमत देईल.
मशीनचं तेल संपलेलं, आबा करडीच्या तेलावर चालवायचे,
दुकानभर फोडणीचा वास.
मी अकरा वर्षांचा, काजं करायचो, सदऱ्याला सहा.
पोरं मापाला यायची, कुणी धाकानं, कुणी ऐटीत,
टेप छातीला लागला की सगळी
सारखाच श्वास ओढून धरायची.

दस्तगीर माझ्या वर्गातला, लाडलेसाब पिंजाऱ्याचा.
उरल्या तुकड्यांतून आबांनी त्याला चड्डी शिवली,
मागे जोड देऊन. पैसे नको म्हणाले.
लिहिलं मात्र. आबा सगळंच लिहायचे.
कंबर बावीस. ख.

भादव्यात नळदुर्गाच्या अंगाला
ढग नसताना गडगडलं.
पाच दिवसांत एक राज्य संपलं,
जमादार कुठल्या वाटेनं गेला कुणी पाहिलं नाही.
चावडीवर कागद चिकटला :
लष्करी अंमल. हत्यारं जमा करा. भिऊ नका.

कॅप्टन हळू बोलायचा, लांबच्या मुलखाचा.
त्याच्या खिशाचं बटण लोंबत होतं, आबांनी लावून दिलं.
त्यानं आठ आणे दिले, कलदार,
आम्ही उलटसुलट करून पाहिले.
मग वही मागितली.
चौकशीपुरती.
मोडी त्याला येईना, दुभाष्यालाही येईना.
आबा म्हणाले, चष्मा फुटलाय.
चष्मा त्यांच्या बंडीत होता.
मी म्हणालो, मला येते.

ओट्यावर माणसं जमली होती, आमच्याच गल्लीतली.
कुणाचं खळं जळालेलं,
कुणाचा भाऊ आडात सापडलेला.
त्यांचीही मापं वहीत होती, ख नसलेली.
मी खणखणीत वाचलं,
नाव, बापाचं नाव, नाव, बापाचं नाव,
एकदाही अडखळलो नाही.
आबा खोकले. मला वाटलं, धूळ.
पुन्हा खोकले तेव्हा मी दस्तगीरवर होतो.
आकडा समोर होता. वाचला नाही.
कॅप्टनला नुसती नावं हवी होती.

त्यानं यादी खिशात घातली,
आबांनी लावलेलं बटण बंद केलं.
चौकशी उद्या होती.
ओट्यावरच्यांना उद्यापर्यंत धीर नव्हता,
आणि संचारबंदी सातला लागायची.

त्या थंडीत सगळ्या गावाच्या गाद्यांत कापसाच्या गाठी झाल्या.
बायांनी काठीनं बडवून पाहिलं.
पिंजायला कुणी नव्हतं.
आई गोधडीवर निजली, आबा बसूनच.
बोलले नाहीत मला कधी, त्याबद्दल.

दुकान आता माझं आहे.
माझ्या वहीत नुसते आकडे.
गिऱ्हाईक म्हणतं, मास्तर, नाव तरी लिहा.
कापड ओळखतो, म्हणतो मी.
परवा एक बाई पोराला घेऊन आली,
शाळेची खाकी चड्डी, पोरगं टेपला हसत होतं.
बावीस, मी म्हणालो.
बाई म्हणाली, बरं.
कंबर बावीस, मी पुन्हा म्हणालो, रस्त्यावर ऐकू जाईल असं.