चिठ्ठ्या

बेगमपुऱ्यात, आमच्या वरच्या खोलीत
शू-लान राहते. पाली शिकायला आली
आणि अडलीय इंग्रजीत.

माठावर चिठ्ठी, कडीवर चिठ्ठी,
मिठाच्या बरणीवर चुकून साखरेची.
आईला वाचता येत नाही,
म्हणून वरण बिघडलं नाही.

रात्री मोबाइलवर सहा मिनिटं लावून
ती हिमनदीचा उतारा बोटानं ओढते,
आणि शेवटच्या प्रश्नाशी रुतते :
लेखकाला काय सुचवायचं आहे?

आई चुलीपुढून म्हणते,
‘त्यालाच इचार की माय,
तू कामून जीव काढतीस?’
मी ते इंग्रजीत सांगते.
कसल्या इंग्रजीत, ते विचारू नका.

काल तिनं परातीकडं बोट केलं :
ह्या आवाजाला काय म्हणतात?
शब्दकोशात जे सापडलं
ते पाठीवर थोपटल्यासारखं होतं,
त्याला पीठ लागलेलं नव्हतं.
मग तिनं आपल्याच लिपीत एक अक्षर काढलं,
परातीच्या काठाला डकवलं.

आज चिठ्ठी भिजली. शाई पिठात उतरली.
पहिलीच भाकरी एका कडेला निळसर.

‘हा माझा,’ शू-लान म्हणाली.
‘ही,’ आई म्हणाली, तवा न सोडता,
‘ही माझी. म्हण पुन्हा.’