वाटणी

फैजपूरला रात्री लाइट गेलेली,
बॅटरी एकेचाळीस टक्के.
मी पुटपुटलो, "पार्टिशन करतोय."
अण्णा खाटेवर उठून बसले:
"कोनाची वाटनी?"

डिस्कची, अण्णा.
विंडोजकडे तुमचे केळीचे हिशेब तसेच,
उरलेल्या साठ जीबीत लिनक्स.
मधे बांध. कोणी कोणाचा कोरायचा नाही.

"डिगंबरबी असंच म्हने,"
आणि कूस बदलली.

आता रोज काळा पडदा विचारतो
कुठे जायचं,
दहा सेकंद थांबतो.
नांदतात दोघं.
फक्त लिनक्समधून विंडोजमध्ये आलं
की घड्याळ साडेपाच तास मागे पडतं,
मी हाताने लावतो.

भिंतीपलीकडे डिगंबरकाका खोकतात.
अण्णा जागेच असतात.
खोकला थांबेपर्यंत
काही बोलत नाहीत.