कलम सहा, कलम आठ

झेन्सव्हिलच्या कोर्टाचं तळघर. हीटर खडखडतो.
मला हवा होता एका शेताच्या हद्दीचा जुना नकाशा,
हाती लागली वही, अठराशे त्रेपन्नची,
एल्नेथन ट्रॅस्क, वकील, यांची.
अक्षर मोडीसारखं, हात न उचलता लिहिलेलं.

डॉर्कस नावाची बाई. वय अंदाजे तीस.
केंटकीहून आलेला मालक बाकावर, टोपी गुडघ्यावर.
कलम सहा : तिची स्वतःची साक्ष चालणार नाही.
कलम आठ : तिला परत धाडलं तर कमिशनरला दहा डॉलर,
सोडलं तर पाच.
कारण, म्हणे, धाडायला कागद जास्त लागतात.

आमच्याकडे कलम आंब्याचंही असतं.
डहाळी छाटायची, दुसऱ्या बुंध्याला करकचून बांधायची,
आणि जीव धरते का बघायचं.

ट्रॅस्क कायद्याबाहेर एक पाऊल गेला नाही.
उभा राहून त्यानं नुसता कीस काढला :
वॉरंटात व्रण डाव्या मनगटावर, हिचा उजव्या.
प्रतिज्ञापत्रावरची तारीख रविवारची.
शिक्का पुसट. काउंटीच्या नावात एक अक्षर कमी.
"पाळायचाच आहे ना कायदा, महाशय? मग पुरता पाळू."
चौथ्या दिवशी, दिवे लावायच्या वेळेला,
कमिशनरनं कंटाळून पाच डॉलर घेतले.

मी तळघरात एकटीच हसले.

पुढच्या पानावर प्रायमस, वय बावीस.
त्याच्या कागदांत काही सापडलं नाही.
व्रण जिथल्या तिथे. तारीख सोमवारची.
ट्रॅस्क लिहितो : "कागद बिनचूक."
खाली अर्धं पान कोरं,
फक्त एका जागी टाक इतका दाबलेला
की पलीकडचं पान दिसतं.

कोलंबसला मीही उजवा हात वर केला होता,
सव्वीस जणांबरोबर, उसन्या कोटात.
रात्री आईनं फोनवर विचारलं,
"शपथ कुणाची घेतलीस गं?"
म्हटलं, घटनेची.
"मग मोडली तर कुणाच्या जिवावर येते?"
मी म्हणाले, आई, तसं नसतं ते.
पाळली तर कुणाच्या,
हे तिनं विचारलं नाही. मीही नाही.

वही होती तिथे ठेवली. धूळ मात्र
आधीसारखी बसवता आली नाही.
नकाशा सापडला. हद्द बरोबर होती.
रजिस्टरमध्ये सही केली,
तारीख घातली, वार घातला :
सोमवार.