सना

एकोणीसशे ब्याऐंशीचा डिसेंबर, औरंगाबाद.
परदेशी पोरांचं वसतिगृह.
नळाला पाणी पहाटे साडेचार ते पाच.
संडासं दोन, कडी एकालाच.

मी कळमनुरीचा. मेसचा हिशोब लिहायचो,
बदल्यात जेवण अन् जिन्याखालची खोली.
म्हणून सगळ्यांची पोटं माझ्या वहीत होती,
कुणी किती भाकरी घेतल्या,
कुणी ताट तसंच सारलं.

सुदानचा इद्रिस बाबिकर
तीन दिवस ताट सारत होता.
चौथ्या दिवशी वहीवर बोट ठेवलं,
हिंदीत म्हणाला, लिखो मत.
पुढचा शब्द त्याच्याकडं नव्हता.
मी मूठ आवळून दाखवली.
तो म्हणाला, हां. वही.

बातमी जिन्यानं वर गेली.
इराणचा बहराम अंजीर घेऊन आला,
रात्री भिजव, सकाळी कोमट पाण्यासंगं.
थायलंडचा प्रासित म्हणाला, कोमट कशाला,
चिंचेचा गोळा, मीठ लावून, वर गार पाणी.
कोमट की गार यावर
दोन देश अर्धा तास भांडले,
आजारी माणूस पायरीवर बसून होता.
लिंबाजी आचारी पळी आपटत बाहेर आले,
एरंडेल पाजा की लेकाला, चहातून. चव लागत नाही.

एरंडेलाची चव लागत नाही
हे आजवर फक्त पाजणाऱ्यांनी सांगितलंय.
आमच्याकडं उन्हाळ्याची सुट्टी लागली
की पहिल्या दिवशी चार भावंडं ओळीत,
आईच्या हातात वाटी,
नाक दाबायला मोठी अक्का.
अक्काचं नाक कोण दाबायचं
ते काही आठवत नाही.

शेवटी त्याला सायकलवर डबलसीट घेतलं,
शहागंजात, गनी अत्तारांच्या दुकानी.
म्हातारा चष्म्यावरून बघत राहिला.
कित्ते दिन हुए?
मी चार बोटं दाखवली.
त्यांनी खालचा खण ओढला,
सना लेव. रात कू भिगाव, सुबू पीव.

इद्रिस पुढं झाला.
सना?
पान नाकाशी धरलं,
पुन्हा म्हणाला, घशातून, नीट,
जसं त्याच्या गावी म्हणत असतील.
मग एकदम बोलायला लागला,
अरबी, हिंदी, हातवारे,
गावाबाहेर ही झुडपं मोकाट उगवतात,
आई मडक्यात उकळते,
बकऱ्या तोंड लावत नाहीत.

मी तिला सोनामुखी म्हणत आलो होतो.
मला वाटायचं ती आमचीच,
हिंगोलीच्या बाजारात मिळणारी.
अत्तार म्हणाले, अरे मियाँ, ये तो
तुमारे मुलुक सेच आती थी. जहाज में.

आठ आण्याची पुडी, उर्दू पेपरात बांधलेली.
तो वाटभर कागद वाचत होता,
अक्षर न् अक्षर लागत होतं,
अर्थ लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला
जिन्यावरून बादली खणखणत गेली.
कडी नसलेल्या दाराआडून
बऱ्याच वेळानं हसू ऐकू आलं.
मी वही उघडली:
इद्रिस, भाकरी तीन.

आता डॉक्टर संत्र्याच्या चवीचा इसबगोल देतात,
बिनसाखरेचा.
टीव्हीवर खार्टुमवरचा धूर दाखवला
त्या रात्री मी कपात चिमूटभर पानं टाकली.
पोटाला तशी तक्रार नव्हती.

पानं फुगत गेली, पाणी तांबूस झालं.
त्यानं गावाचं नाव सांगितलं होतं, दोनदा.
ते गेलं.
बकऱ्या तेवढ्या राहिल्यात.