वीतभर पाणी

फिल्टरच्या तोंडाला मी जुन्या बनियनचा तुकडा बांधलाय.
धार लागली की ती ढकलली जाते हल्ली,
कोपऱ्यातल्या काचेला टेकते आणि तिथंच राहते,
भरतीत सुटलेली रिकामी होडी
खाजनाच्या बांधाला लागावी तशी.

नऊ वर्षं झाली.
मुलीने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली,
प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून, तीस रुपयांना.
रंग बघून नाव ठेवलं अबोली.
मुलगी आता कतारला. फोनवर विचारते, "जेवण झालं?"
मी म्हणतो, हो, बांगड्याचं हुमण होतं.
"तुझं नव्हे बाबा. अबोलीचं."

रंग उतरला आधी पोटाचा, मग गालांचा.
आता उजवीकडे कलून पोहते.
चोडणच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं काढली मी,
कलणं मला कळतं.
माल एका अंगाला चढला की बोट कलते,
दोन स्कूटर इकडच्या तिकडे केल्या की सरळ होते.
हिच्यातली कुठली स्कूटर हलवू?

वाटाणा उकडतो, नखाने चिरडून
टाचणीच्या टोपीएवढा करतो.
मीठ चमच्याने मोजून.
पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवलेलं.
टाकी उपसून वीतभरच ठेवलीय,
श्वासाला वर यायचं तर
तिला जिना फार चढावा लागू नये.
कुमुद म्हणते, माझ्या गुडघ्यांचा
एवढा विचार केला असतास तर.
म्हणते, आणि वाटाण्यांची सालं तीच काढून ठेवते.

नुस्तं खायचं आम्ही सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू.
फक्त माझी खुर्ची फिरवली,
टाकीकडे पाठ येईल अशी.

बुधवारी फिलोमेना पाटी सोप्यावर ठेवून
पाणी प्यायला आत आली,
वाकून काचेतून बघत राहिली.
जन्मभर मेलेल्या माशांचे कल्ले
गिऱ्हाइकाला उघडून दाखवलेली बाई,
तिची दोन बोटं आपसूक उचलली गेली,
मग तिने ती झग्याला पुसली.
म्हणाली, "दोळे ताजे आसात गा हिचे."
आणि बांगडे मोजून दिले, एक जास्तीचा.

माशांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
लवंगेचं तेल. वाडग्यात चार थेंब.
झोपते. मग आणखी थोडे.
मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला,
त्यात त्याची काही चूक नाही.
बाटली आणली, फळीवर ठेवली, निरांजनाच्या तेलाशेजारी.
चार दिवसांनी कुमुदची दाढ ठणकली.
कापसाचा बोळा बुडवताना तिने विचारलं,
हे कधी आणलंस? कशाला?
मी म्हणालो, दाढेसाठी.

काल रात्री लाईट गेली.
पंप थांबला तेव्हा कळलं
घरात एवढे दिवस कोण बोलत होतं.
अंधारात मी पेला भरतो, हातभर वर नेतो,
पाण्यात पाणी सोडतो.
भरतो. सोडतो.
नदीकडून शेवटच्या फेरीचं इंजिन,
मग धक्क्यावर लोखंडी फळी आपटल्याचा आवाज.
कोणीतरी वेळेत पोचलं.

आतून कुमुद: "आहे का?"
टॉर्च लावला. पापणी नसलेला एक डोळा,
कल्ला उघडतोय, विचार करतोय, मिटतोय.
"आहे."
"मग दे पेला इकडे. तुझा हात भरला असेल."
ती भिंत धरत आली.
वाकता येत नाही, म्हणून उभ्यानेच ओतलं,
फार उंचावरून,
निम्मं पाणी माझ्या पायांवर,
मीठ मोजून घातलेलं.